नाकारलेले पाणी आणि घरात शिरलेले पाणी

मराठी कवितेतला पाऊस माडीवरून पाहिलेला आहे, हे विधान आता जुने झाले. श्रावणाची हिरवळ, मातीचा सुगंध, पागोळ्यांचा नाद यांसाठी डोक्यावर न गळणारे छप्पर आणि पायाखाली कोरडी जमीन लागते, हे आपण पन्नास वर्षे सांगत आलो. प्रस्थापित समीक्षकांनी ते ऐकले की ऐकून सोडून दिले, याची मला आता फिकीर नाही. माझा प्रश्न आपल्यालाच आहे. आपल्या साहित्यात पूर कुठे आहे?

पाणी आहे, भरपूर आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हापासून पाणी हा आपल्या जाणिवेचा गाभाच झाला. पाणवठा, वरून ओतलेली धार, बाटलेली विहीर. नाकारलेल्या पाण्यावर आपल्याइतके कोणी लिहिले नसेल. परंतु न बोलावता घरात शिरणाऱ्या पाण्याचे काय? त्याच महाडच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी भरले आणि त्याच दिवशी त्याच तालुक्यातील तळीये गावावर डोंगर उतरला. ८० हून अधिक माणसे गेली. मेलेल्यांची जात विचारून मी हे लिहीत नाही. महाड म्हणताच १९२७ आठवणाऱ्या आपल्या लेखणीला २०२१ हा विषय का वाटला नाही, एवढेच विचारतो.

आपल्या कवितेत पूर आला तो प्रतिमा होऊन. वणवा, ज्वालामुखी आणि पूर ही विद्रोहाची तीन ठरलेली रूपे. व्यवस्थेचे वाडे वाहून नेणारा लोंढा मीही लिहिला. तरुणपणी ती कविता एका मेळाव्यात वाचली, टाळ्या मिळाल्या. घरी येऊन आईला वाचून दाखवली. तिने शांतपणे विचारले, ‘‘आरं, पर ते पाणी आदी शिरलं कुणाच्या घरात?’’

आमचा महारवाडा गावाच्या सखल अंगाला, नदीच्या बाजूस होता. वाडे उंचावर. नदी फुगली की पाणी पहिल्यांदा आमच्या चुलीत यायचे. वाड्यांच्या पायऱ्यांपर्यंत ते पोचले असे वर्ष मला आठवत नाही. आई दाण्याचे गाठोडे आढ्याला बांधायची आणि आम्हा पोरांना घेऊन देवळामागच्या उंचवट्यावर रात्र काढायची. देवळात नव्हे, देवळामागे. पूर ओसरला की आपल्या घरातला गाळ उपसण्याआधी आमच्या माणसांना बोलावणे यायचे: वाहून आलेली मेलेली जनावरे ओढायला. हे सारे मला ठाऊक होते आणि तरीही माझ्या कवितेत पूर वाडे पाडत होता! प्रस्थापितांची पावसाची कविता जितकी खोटी, तितकीच माझीही होती. आजही पुष्कळांची आहे.

पुरापेक्षा दरडीविषयीची भाषा अधिक फसवी आहे. ‘दरड कोसळली, गाव गाडले गेले.’ या वाक्यात कर्ता आहे तो दगडमातीचा. ‘निसर्गाचा कोप’ म्हटले की तोही उरत नाही. वास्तविक डोंगर लहरीने उतरत नाही. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर झिजलेल्या मुरुमाचा आणि मातीचा थर असतो. मुसळधार पावसाचे पाणी त्यात मुरते, थर जड होतो, आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मातीची खडकावरची पकड सुटते. वरची झाडे तोडलेली असली, रस्त्यासाठी वा घरासाठी उताराचा पायथा कापलेला असला, तर उतार आणखी कमकुवत होतो. कोणी कापला, कोणाच्या परवानगीने, आणि त्या उताराखालीच माणसांना राहावे का लागले, हे प्रश्न ‘कोप’ या एका शब्दाने बुजवले जातात. वृत्तपत्रांनी तो शब्द वापरला तर समजू शकते. आपल्या लेखकांनीही तो तपासून पाहू नये, याचे आश्चर्य वाटते.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले, दीडशेच्या वर आदिवासी माणसे गेली. ही बातमी बाहेर पडली ती एस.टी.च्या चालकामुळे. त्याला रोजचे गाव जागेवर दिसेना. त्या चालकाएवढे तरी माळीण आपल्या साहित्याने पाहिले होते काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वाडी, वर जायला धड रस्ता नाही. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबला. दरडींच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. गावकुसाबाहेर असणे म्हणजे काय, हे आपण जगाला शिकवले; यादीबाहेर असणे हे त्याचेच आजचे रूप आहे, हे आपल्या समीक्षेला दिसायला हवे होते.

मुंबईचेही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यावर जे ललित लिहिले गेले ते बहुतांशी अडकलेल्या गाड्यांचे, रात्रभर चालत आलेल्या नोकरदारांचे आणि मुंबईकरांच्या बाण्याचे. त्याच दिवशी साकीनाक्याला टेकडी झोपड्यांवर आली होती. तिथल्या माणसांच्या बाण्याचे कौतुक करायला ती माणसेच उरली नव्हती.

आता संग्रहाची नवी आवृत्ती निघते आहे. त्यातून ती लोंढ्याची कविता मी काढली. तिच्या जागी काय लिहावे, ते अद्याप जमलेले नाही. आई सरपणाला टेकडीवर जायची, तेव्हा काही खुणा सांगायची: झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, कोरड्या जागी नवा पाझर फुटला, उभी झाडे कलली, जमिनीला भेग गेली, तर तिथे रात्र काढू नये. त्या तिच्याच शब्दांत वहीत उतरवून ठेवल्या आहेत.