‘मूळचे कुठले?’ : ममदानींचं रवांडावरचं पुस्तक वाचताना

आपल्या मंडळात जुनी गॅझेटियरं आणि खानेसुमारीचे अहवाल आपण हक्काचा पुरावा म्हणून काढतो. मीही काढतो. पण महमूद ममदानींचं ‘व्हेन व्हिक्टिम्स बिकम किलर्स’ (२००१) वाचल्यापासून त्यातले रकाने बघताना जरा थबकायला होतं. पुस्तक रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराबद्दल आहे. एप्रिल ते जुलै, सुमारे शंभर दिवसांत कमीत कमी पाच लाख, अनेक अंदाजांनुसार आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, संहाराला विरोध करणारे हुतूही त्यांच्याबरोबर गेले.

याची एक सोपी गोष्ट आपण ऐकलेली असते : साहेबानं फोडा आणि झोडा केलं, हुतू-तुत्सी भेद त्यानंच काढला. ममदानींना ती अपुरी वाटते, आणि मलाही. भेद आधीचाच होता. दरबार तुत्सींचा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी राजा र्वाबुगिरीच्या अमलात हुतूंवर वेठ लादली गेली. पण भाषा एकच, किन्यारवांडा, वस्ती सरमिसळ. गुरं जमवून वर चढलेला हुतू तुत्सी होऊ शके, त्याला ‘क्विहुतुरा’ असा शब्दही होता. हे साधलं फार थोड्यांना, पण वाट उघडी होती.

ती बुजवली कागदानं. तुत्सी हे उत्तरेकडून आलेल्या ‘हॅमिटिक’ वंशाचे, म्हणून राज्य करायला लायक, ही कल्पना स्पीकसारख्या प्रवाशांनी आणली. बेल्जियननी तिच्यावर कारभार उभारला. १९३३-३४ च्या गणनेनंतर प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का बसला, बापाचा तोच मुलाचा. इथे मला आपला रिस्ली आठवला, १९०१ च्या खानेसुमारीचा आयुक्त, नाकाच्या मापावरून जातींची प्रतवारी लावणारा.

ममदानींचा कळीचा मुद्दा याच्या पुढचा आहे. बेल्जियननी तुत्सींना नुसतं वरचं केलं नाही, परकं केलं. हुतू भूमिपुत्र, तुत्सी उपरे. १९५९ च्या हुतू क्रांतीनं ही मांडणी मोडायची तर उलटी करून वापरली. १९६२ ला स्वातंत्र्य आलं, ओळखपत्रावरचा शिक्का तसाच राहिला. १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड मागत होते.

पुस्तकातलं सगळ्यात सरस प्रकरण युगांडावरचं. तिथे आश्रयाला गेलेले तुत्सी मुसेवेनींच्या बाजूनं लढले, १९८६ ला त्यांना सत्तेवर बसवलं. आणि चार वर्षांत जमिनीच्या वादावरून पुन्हा उपरे ठरले. ऑक्टोबर १९९० ची रवांडावरची चढाई त्यातून निघाली, आणि त्या लढाईच्या भीतीवर संहारवाद्यांचं राजकारण पोसलं गेलं. ममदानी हे आतून लिहितात. जन्म मुंबईचा, वाढले कंपालात, १९७२ ला ईदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं त्यात तेही होते. आम्ही वडोदऱ्यात पाच पिढ्या आहोत, तरी ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न चुकत नाही. विचारणारा प्रेमानंच विचारतो, पण या पुस्तकानंतर तो जरा वेगळा ऐकू येतो.

माझी तक्रार एकच, पण मोठी. लोक मारायला का तयार झाले, याचा इतिहास ममदानी देतात. मारायला लावलं कुणी, हे त्यात फिकं पडतं. बुतारे प्रांत बघा. ओळखपत्रं तीच, इतिहास तोच. तरी तिथला प्रीफेक्ट झाँ-बाप्तिस्त हब्यालिमाना, त्या वेळचा देशातला एकमेव तुत्सी प्रीफेक्ट, पदावर होता तोवर बहुतेक भागात कत्तल रोखली गेली. एप्रिलच्या मध्याला त्याला काढलं. १९ तारखेला हंगामी राष्ट्राध्यक्षानं तिथे येऊन भाषण केलं, त्यानंतर बुतारेही पेटलं. पुढे हब्यालिमानालाही मारलं. ॲलिसन द फोर्ज यांचा १९९९ चा अहवाल हुकूम, सभा, अधिकाऱ्यांचे कागद असं सगळं पुढ्यात ठेवतो. ममदानींच्या मांडणीत बुतारेचे ते दोन आठवडे नीट बसत नाहीत. परकेपणाची दारू साठ वर्षं साठत होती हे खरं, पण काडी लावणारे पगारी अधिकारी होते, आणि काही जण ती लावायला नकारही देत होते.

दोन्ही पुस्तकं जोडीनं वाचा. वेळ कमी असेल तर ममदानींचं युगांडाचं प्रकरण आणि द फोर्ज यांचा बुतारेवरचा भाग.