टाळेबंदी आणि नगरांची हवा : एका अनुमानाची चिकित्सा

२०२० च्या पूर्वार्धात कोविड-१९ च्या साथीमुळे जगातील बहुतेक मोठ्या नगरांचे व्यवहार थंडावले. एरवी कोणत्याही संशोधकास करता आला नसता असा प्रयोग अनायासे घडून येत आहे, अशी भावना तेव्हा अभ्यासकांत उत्पन्न झाली. जालंदरहून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागल्यावर तर ह्या भावनेस प्रत्यक्षाचा आधार मिळाला. पुढे टाळेबंदीपूर्वीची व टाळेबंदीतील मापने शेजारी मांडून हवा अमुक टक्के शुद्ध झाली, असे सांगणारे लेख विपुल प्रसिद्ध झाले. ह्या लेखांतील मापने सामान्यतः विश्वसनीय आहेत. शंका आहे ती त्यांवरून काढलेल्या अनुमानाविषयी.

पहिला आक्षेप तुलनेच्या रीतीवर आहे. भारतात टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून सुरू झाली. ह्या सुमारास उत्तर भारतातील हिवाळा सरलेला असतो. जमिनीलगत कोंडून राहिलेली हवा ऊन वाढताच वर चढते व धूर विरळ होतो. शिवाय त्या वर्षीच्या मार्चमध्ये दिल्लीत असामान्य पाऊस झाला होता. म्हणून हिवाळ्याशी केलेल्या तुलनेत ऋतूचे श्रेय टाळेबंदीच्या पदरी पडते. वुहानची टाळेबंदी २३ जानेवारीस आली आणि चिनी नववर्ष २५ जानेवारीस होते. त्या सणात तेथील कारखाने व वाहतूक दरवर्षीच मंदावतात. मागील वर्षाच्या त्याच काळाशी केलेली तुलना अधिक सयुक्तिक खरी; परंतु वारा आणि पाऊस दोन वर्षे सारखेच वागतील, ह्याची हमी कोणी द्यावी?

ह्या दृष्टीने झोंगबो शी व त्यांचे सहकारी ह्यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यांनी दिल्ली, वुहान, लंडन, पॅरिस आदी अकरा नगरांच्या मापनांतून हवामानाचा प्रभाव गणिताने वेगळा काढला. तेव्हा टाळेबंदीमुळे घडलेली नायट्रोजन डायऑक्साइडची घट १० ते ५० टक्के, म्हणजे अपेक्षेहून कमी ठरली. लंडन वगळता सर्वत्र ओझोन २ ते ३० टक्के वाढला. सूक्ष्म कण बहुतेक नगरांत घटले, पण लंडन व पॅरिस येथे वाढले.

ह्यातूनच दुसरा आक्षेप उद्भवतो. ‘प्रदूषण’ हा शब्द एकवचनी असला, तरी ती वस्तू एक नव्हे. वाहनांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड जमिनीलगतचा ओझोन खाऊन टाकतो. वाहने थांबली की ओझोनचा हा भक्षक नाहीसा होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ते ओस असतानाही बीजिंगवर दाट धुरके पसरले होते. हवा स्तब्ध व दमट होती, अवजड उद्योग पूर्ण थांबले नव्हते, आणि वायूंपासून हवेतच नवे कण घडवणारी रासायनिक क्रिया उलट तीव्र झाली होती.

तिसरा आक्षेप उगमांविषयीचा आहे. टाळेबंदीने मोटारी थांबल्या, चुली थांबल्या नाहीत. लाकूड व गोवऱ्या जाळणारी घरे हा भारतातील सूक्ष्म कणांचा एक प्रमुख उगम आहे. औष्णिक विद्युत्केंद्रेही कमी प्रमाणात का होईना, चालूच होती. म्हणूनच टाळेबंदीतही दिल्लीची हवा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपर्यंत उतरली नाही. येथे हेही नमूद केले पाहिजे की, हवामान वेगळे काढणारे गणित घट किती हे सांगते. ती कोणत्या उगमामुळे झाली, हे त्यास स्वतःहून सांगता येत नाही.

ह्या साऱ्याचा अर्थ टाळेबंदीने काहीच सिद्ध झाले नाही, असा नव्हे. वाहतूक घटताच नायट्रोजन डायऑक्साइड त्वरित घटतो, हे निःसंशय दिसून आले. मात्र ‘व्यवहार थांबले की हवा शुद्ध’ हे सूत्र स्वीकारल्यास धोरण दोन्हीकडून फसते. एकीकडे, शुद्ध हवेची किंमत लोकांच्या उपजीविकेने मोजावी लागते असा समज दृढ होतो. दुसरीकडे, केवळ वाहनांवर बोट ठेवून चुली, विद्युत्केंद्रे आणि ओझोनला जन्म देणारी सेंद्रिय बाष्पे नजरेआड होतात. टाळेबंदीचा खरा धडा किती टक्के घट झाली ह्या आकड्यात नाही. सर्व काही थांबल्यावरही हवेत जे उरले, त्याचा शोध घेण्यात तो आहे.