वचनाच्या पुढचे वचन

आमच्या ख्रिस्ती घरांत बायबलमधील वचन कोठे नसते? ते दिनदर्शिकेवर असते, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर असते, दुकानातील गल्ल्याच्या वर चौकटीत असते, मृताच्या वर्षस्मरणाच्या चिठ्ठीवर असते आणि आता तर रोज सकाळी मोबाईलवरही येऊन पोहोचते. ज्या समाजाने शतकानुशतके पवित्र शास्त्र प्रामुख्याने वेदीवरूनच ऐकले, त्याच्या हाती आज ते मातृभाषेत आणि इतके सहज यावे, ही आनंदाची गोष्ट आहे. हा आनंद मान्य करूनच आम्ही येथे एका प्रकारच्या लेखनाचा विचार करणार आहोत. परमेश्वरावरील भरवसा आणि वचनानुसार जगणे या विषयावर आमच्या नियतकालिकांतून व पुस्तिकांतून जे चिंतनपर लेख येतात, त्यांची घडण बहुधा ठरलेली असते. आरंभी एक वचन, मध्ये एक संकट, शेवटी संकटाचे निवारण. रुग्ण बरा होतो, अडलेली नोकरी मिळते, कोर्टातील दावा सुटतो आणि वचन खरे ठरले असा समारोप होतो.

अशा लेखांतील प्रसंग खोटे असतात असे आम्ही म्हणत नाही. परमेश्वराची कृपा कोठे व कशी प्रकट व्हावी हे ठरविणारे आम्ही कोण? परंतु वाङ्मय म्हणून आणि श्रद्धेचे शिक्षण म्हणूनही या घडणीत एक गंभीर उणीव राहते. ज्या बाकावर बरा झालेला रुग्ण कृतज्ञतेने गुडघे टेकतो, त्याच्याच मागच्या बाकावर तेच वचन, तितक्याच भरवशाने, महिनोन्महिने जपलेली आणि तरीही नवरा किंवा मूल गमावलेली एखादी स्त्री बसलेली असते. असा लेख वाचून तिने कोणता निष्कर्ष काढावा? आपला भरवसा उणा पडला, हाच ना? सांत्वनासाठी दिलेले वचन अशा वेळी तिच्यावरील आरोपपत्र होते. लेखकाच्या मनात तसे नसते, पण लेखाची घडणच तसे बोलते.

एक परिचित उदाहरण घेऊ. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन आज बहुधा सर्वांत अधिक छापले जाणारे असावे. परमेश्वराच्या मनात आपल्या लोकांविषयी हिताचे संकल्प आहेत, त्यांना भविष्य आणि आशा देण्याचे संकल्प आहेत, असा त्याचा आशय आहे. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला आणि परदेशी निघालेल्या तरुणाला आपण ते देतो. पण हे वचन एका पत्रातील आहे आणि ते पत्र बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. त्याच्या अगोदरचेच, म्हणजे दहावे वचन सांगते की, ही सुटका सत्तर वर्षे भरल्यावर होईल. तोवर काय करायचे? घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला बंदिवान करून नेले त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे यिर्मया लिहितो. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सर्व ठीक होईल असे सांगून लोकांना सुखावून गेलेला असतो. त्याला शास्त्र खोटा ठरविते. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तरीही आशेचे वचन त्यांनाच होते. दहावे वचन कापून अकरावे चौकटीत लावले की यिर्मयाच्या तोंडी आपण नकळत हनन्याची भाषा घालतो.

प्रभू येशूच्या मोहप्रसंगाकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान मंदिराच्या शिखरावर येशूला जे सुचवितो, त्यासाठी तो एक्याण्णवाव्या स्तोत्राचाच आधार घेतो. देवदूत तुला झेलतील हे वचन खरे आहे, स्तोत्रही भरवशाचेच आहे, खोटा आहे तो त्याचा उपयोग. येशू त्याला अनुवादाच्या पुस्तकातील दुसऱ्या वचनाने उत्तर देतो. परमेश्वराची परीक्षा पाहणे म्हणजे त्याच्यावर भरवसा ठेवणे नव्हे, असा त्या उत्तराचा रोख आहे. त्याआधीच्या उत्तरात, मनुष्य परमेश्वराच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगतो, असे येशूने सांगितलेले असते. त्यातील 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. निवडक वचनांवर जगता येईल असे तेथे सांगितलेले नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रकटीकरणाविषयीच्या आपल्या संविधानात, शास्त्राचा अर्थ लावताना संपूर्ण शास्त्राचा आशय व त्याची एकात्मता ध्यानी घ्यावी असे बजावले, ते याच परंपरेला धरून.

मग वचनानुसार जगणे आणि त्याविषयी लिहिणे कसे असावे? आमच्या घरोघरी जिचे चित्र आहे, त्या लिझ्यूच्या संत तेरेजाचे आत्मकथन आम्ही या प्रश्नासाठी पुढे ठेवतो. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली 'लिट्ल फ्लॉवर' आम्हां सर्वांना ठाऊक आहे. तिचे पुस्तक मात्र पुष्कळदा न वाचताच पूजिले जाते. १८७३ साली फ्रान्समध्ये जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने मरण पावली. तिच्या मृत्यूनंतर बरोबर एका वर्षाने 'एका आत्म्याची कहाणी' प्रसिद्ध झाली. हे एकसंध पुस्तक नव्हते. १८९५, १८९६ आणि १८९७ या तीन वर्षांत, तीन वेगवेगळ्या मठभगिनींसाठी लिहिलेली ती तीन हस्तलिखिते होती. त्यांवर तिच्या थोरल्या बहिणीने संपादनाचा हात बराच सैल सोडला होता. मूळ हस्तलिखिते जगापुढे आली ती १९५६ साली.

या पुस्तकाची शैली आजच्या मराठी वाचकाला चटकन रुचेल असे नाही. फुले, दवबिंदू, कोकरे, चिमुकली पाखरे यांची त्यात दाटी आहे. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच मध्यमवर्गीय भक्तीचा तो गोडवा कधीकधी जिभेवर चिकटून राहतो. हा दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु या गोडव्याखाली एक अत्यंत चिवट बुद्धी काम करीत आहे, आणि तिचा प्रत्यय सर्वांत अधिक येतो तो तेरेजा शास्त्र कसे वाचते हे पाहताना.

दुसऱ्या हस्तलिखितातील प्रसिद्ध भाग घ्या. आपण योद्धा व्हावे, धर्मगुरू व्हावे, प्रेषित व्हावे, धर्मपंडित व्हावे, हुतात्मा व्हावे अशा परस्परांना छेदणाऱ्या इच्छांनी ती व्याकूळ झाली आहे. उत्तरासाठी ती संत पौलाची पत्रे उघडते आणि तिच्यापुढे करिंथकरांस पहिल्या पत्राचे बारावे व तेरावे अध्याय येतात. सर्वच जण प्रेषित किंवा संदेष्टे नसतात, शरीराला अवयव अनेक असतात, डोळ्याला हात होता येत नाही, हे ती वाचते. येथे आपल्यापैकी कोणीही पुस्तक मिटले असते आणि 'जे आहे त्यात समाधान मान' असे एक नीटस चिंतन लिहिले असते. तेरेजा मात्र प्रांजळपणे नोंदविते की, उत्तर स्पष्ट होते, पण त्याने तिची तळमळ शमली नाही. ती निराश न होता पुढे वाचते. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस पौल अधिक श्रेष्ठ मार्गाचा निर्देश करतो, आणि तेराव्यात प्रीतीचे ते अमर प्रकरण उलगडते. तेथे तिला तिचे स्थान सापडते. ख्रिस्तसभेच्या शरीराला हृदय असलेच पाहिजे, आणि त्या हृदयात आपण प्रीती होऊन राहावे. पौलाने आपल्या पत्राचे अध्याय पाडले नव्हते. ते तेराव्या शतकात पडले, आणि नव्या करारातील वचनांना आजचे आकडे १५५१ साली मिळाले. तेरेजाला हा इतिहास ठाऊक असो वा नसो, तिने पत्र पत्रासारखे, पुढे पुढे वाचले.

तिसऱ्या हस्तलिखितातही हीच रीत दिसते. साधुत्वाचा जिना आपल्या लहान पावलांना फार उंच आहे, असे तिला वाटते. श्रीमंतांच्या घरांत आता जिन्याऐवजी लिफ्ट असते, मग परमेश्वराकडे नेणारी लिफ्ट शास्त्रात कोठे असेल, असा शोध ती घेते. १८८७ साली रोमच्या यात्रेला गेलेल्या या मुलीच्या लेखणीतून ही अगदी आधुनिक प्रतिमा किती सहज उतरते! नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायात ज्ञान लहानांना आपल्याकडे बोलाविते, ते वचन तिला भेटते. पण आलेल्या लहानाचे परमेश्वर काय करील, हा प्रश्न उरतोच. म्हणून ती आणखी शोधते आणि यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायापाशी थांबते. तेथे आई लेकराला कडेवर घेते, मांडीवर खेळविते, तसे सांत्वन करण्याचे अभिवचन आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या भूमीतील वाचकाला या ठिकाणी वेगळे भाष्य लागू नये. येशूचे बाहू हीच लिफ्ट, हा तिचा निष्कर्ष त्या दोन वचनांना जोडून निघालेला आहे.

एखादा जाणकार येथे आक्षेप घेईल. नीतिसूत्रांतील मूळ हिब्रू शब्दाचा रोख भोळ्या, अननुभवी माणसाकडे आहे. 'लहान' हा अर्थ तिला लॅटिनवरून आलेल्या भाषांतराने दिला. शिवाय मठात तिला संपूर्ण जुना करार वाचावयास मिळत नव्हता. १८९४ साली मठात आलेल्या सेलीन या बहिणीच्या वहीतील उताऱ्यांतच ही वचने तिला गवसली. म्हणजे तीही सुट्या वचनांवरच जगत होती! आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तिच्या वाचनाचे मोल वाढते. दोष सुट्या कागदाचा नसतो, थांबण्याच्या घाईचा असतो. तिने एका वचनाला दुसऱ्याची साक्ष मागितली. बालकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गराज्यात प्रवेश नाही, हे शुभवर्तमानातील शब्द तिच्या निष्कर्षाला बळ देतात. आपण धर्मगुरू असतो तर शास्त्र मुळातून वाचण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकलो असतो, असे ती म्हणत असे, हे तिच्या भगिनींनी नोंदवून ठेवले आहे. वचनांची भूक म्हणजे काय ते यावरून कळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही पाने तिने कोणत्या स्थितीत लिहिली? १८९६ च्या पवित्र आठवड्यात तिच्या मुखातून प्रथम रक्त आले. लगेच आलेल्या ईस्टरच्या दिवसांत तिच्या श्रद्धेवर दाट अंधार उतरला आणि तो मृत्यूपर्यंत हटला नाही. स्वर्ग नाहीच, मरणापलीकडे केवळ शून्याची रात्र आहे, असा उपहास तिला अंतरी ऐकू येई. तिच्याभोवतीच्या बहुतेक भगिनींना याची कल्पनाही नव्हती. पौलाच्या पत्रातील तो शोध या अंधाराच्या पाचव्या-सहाव्या महिन्यातला आहे, आणि लिफ्टचा परिच्छेद मृत्यूपूर्वी तीन-चार महिन्यांचा. वचन सापडले आणि अंधार गेला, असे तिच्या कहाणीत घडत नाही. रोगही बरा झाला नाही. श्रद्धा न लाभलेल्यांच्या पंक्तीला बसून, त्यांच्यासह ती भाकर खाण्याची तयारी ती दर्शविते. विश्वासांगीकार तिने स्वतःच्या रक्ताने लिहून हृदयाशी बाळगला होता. अशा काळात, सप्टेंबर १८९६ मध्ये, तिने आपल्या बहिणीला लिहिले की, केवळ भरवसाच आपल्याला प्रीतीकडे नेतो. त्याच वाक्यावरून पोप फ्रान्सिस यांनी १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या प्रबोधनपत्राला शीर्षक दिले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडित म्हणून घोषित केले होते. विद्यापीठ न पाहिलेल्या या तरुणीला तो मान का मिळाला, याचे एक कारण आम्हांला तिच्या या वाचनात दिसते.

आमच्या चिंतनपर लेखनाने तेरेजाकडून काय घ्यावे? फुले घेऊ नयेत, ती तिच्या काळाची आहेत. तिचा प्रांजळपणा घ्यावा. एखाद्या वचनाने आपले समाधान झाले नसेल तर तसे लिहिण्यात अश्रद्धा नाही. तेरेजाने ते लिहिले आणि ख्रिस्तसभेने तिला संत म्हटले. संकट टळले नाही अशा घरांच्या कहाण्याही आमच्या पानांवर याव्यात. ज्या आईने मूल मातीआड केले आणि पुढच्या रविवारी मिस्साला आली, तिचा भरवसा रुग्ण बरा झालेल्या घराच्या भरवशापेक्षा उणा कसा? तिच्याविषयी लिहिताना समारोपाला फळ दाखविण्याची घाई नसावी. यिर्मयाच्या पत्रातील सत्तर वर्षे तशीच राहू द्यावीत.

आणि वाचकांसाठी एक साधी सूचना. उद्या सकाळी जे वचन आपल्यापर्यंत येईल, ते पुढे पाठविण्यापूर्वी घरातील बायबल काढून त्याच्या आधीची पाच आणि पुढची पाच वचने मोठ्याने वाचावीत. रात्री रोझरीनंतर ती घरातील सर्वांनी मिळून वाचली तर अधिकच बरे. कधी वचन गोड होण्याऐवजी जड होईल. पण सुखाच्या दिवसांसाठी निवडलेले वचन दुःखाच्या दिवशी हातातून निसटते, आणि मागच्यापुढच्यांसह ओळखीचे झालेले वचन त्या दिवशी आजारी माणसाच्या उशाशी बसून राहते, असे तेरेजाची कहाणी वाचताना आम्हांला वाटत आले आहे.