स्वप्नातही न निघालेले आजोबा : चेकॉवची ‘वांका’

मंडळी, मागच्या खेपेला पेणला ही कथा सांगितली, तेव्हा एका शिक्षिकाबाईंनी विचारलं, ‘सर, त्या पोराचं पत्र पोचलं असतं तर?’ मी घाईत काहीतरी उत्तर देऊन मोकळा झालो. घरी आल्यावर कथा पुन्हा वाचली. आज रोह्यात तिथूनच सुरुवात करतो.

कथा जेमतेम चार-पाच पानांची. १८८६ च्या नाताळात पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात आलेली. नऊ वर्षांचा वांका मॉस्कोत जोडे शिवणाऱ्याकडे काम शिकायला ठेवलाय, तीन महिने झालेत. नाताळच्या आदल्या रात्री मालक-मालकीण चर्चमध्ये गेलेत. हा बाकावर कागद पसरतो, गुडघे टेकून आजोबांना लिहितो : मला इथून न्या. बाळाला झोके देताना डुलकी लागली म्हणून मालकानं केसांना धरून फरफटत नेलं, वगैरे. पाकिटावर गावाचं नावच नाही. जरा विचार करून तो आजोबांचं नाव तेवढं जोडतो, पत्र पेटीत टाकतो आणि निर्धास्त झोपतो.

वाचणारे बहुतेक या पत्त्यापाशी डोळे पुसतात. मीही इतकी वर्षं तेच केलं. पण बघा, कथेत पत्र आणि आठवण आळीपाळीनं येतात. पत्रात मार आणि उपास. आठवणीत बर्फ, नाताळचं झाड, शंभरापर्यंत आकडे शिकवणारी मालकांकडची ताई. लेखक ‘बिचारा’ हा शब्दही उच्चारत नाही. आपल्या न्यायशास्त्रात ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानलाय. जमिनीवर घट नाही, हे कुणाला कळतं? ज्याला घट ठाऊक आहे त्याला. उपेक्षा हीसुद्धा अशीच, नसलेली गोष्ट. ती दाखवायची तर आधी माया दाखवावी लागते. आठवणींचं काम ते आहे.

आता त्या मायेकडेच जरा नीट पाहा. आजोबा जमीनदाराकडे रात्रीचे पहारेकरी. हसरे, पिणारे, कुत्र्यांना तपकीर हुंगवून गंमत बघणारे. आणि मध्येच एक वाक्य सहज येऊन जातं : आई वारल्यावर पोराला नोकरांच्या स्वयंपाकघरात आजोबांकडे धाडलं, आणि तिथून मॉस्कोला. कुणी धाडलं? मूळ रशियन वाक्यातही कर्ता नाही. मालकांनी? आजोबांनी? निदान आजोबांनी अडवल्याचं कुठं दिसत नाही. वांकाला हे दिसत नाही, आणि लेखक आपल्याला बोट धरून दाखवत नाही.

म्हणून त्या बाईंना आजचं माझं उत्तर : पोचलं असतं तरी आजोबा निघाले नसते. शेवटचं स्वप्न पाहा ना. चुलीच्या उबदार कट्ट्यावर पाय हलवत बसलेले आजोबा स्वयंपाकिणींना ते पत्र वाचून दाखवतायत. बस, इतकंच. पोराच्या स्वतःच्या स्वप्नातसुद्धा म्हातारा उठून जोडे घालत नाही! आणि जवळ व्यून नावाचा कुत्रा शेपूट हलवत फिरतोय. दर आठवड्याला अर्धमेला होईस्तोवर मार खाणारा, तरी सगळ्यांपुढे लाघवीपणा करणारा. ‘चुकलो तर मला बडवा’ असं लिहिणाऱ्या पोराच्या स्वप्नात शेवटी हाच कुत्रा उरतो. त्यात थोडी लबाडीही आहे हं, चेकॉव त्याला संत करत नाही.

त्या बिनकर्त्याच्या वाक्याशी मी अजून अडकलोय. दिवाळीनंतर आपल्याकडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होतात. उचल घेतलेली असते, घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात. पोरं बरोबर जातात, नाहीतर म्हाताऱ्या आजीपाशी राहतात. आपण काय म्हणतो? ‘पोरांची शाळा सुटली.’ बघा, इथंही कर्ता नाही. हजेरीपटावर मात्र ‘गैरहजर’ पोराच्याच नावापुढे लागतं. हे वाक्य मीही शेकडो वेळा बोललोय, तत्त्वज्ञान शिकवत असताना.

पुढच्या वेळी टागोरांची ‘छुटी’ घेऊ. फटिकला कलकत्त्याला कोण नेतं आणि त्याची आई त्याला इतक्या सहज का जाऊ देते, तेवढं बघून या.