दार उघडायला लागणारा वेळ

'रेसिडेंट ईव्हिल'च्या पहिल्या गेममध्ये एका खोलीतून दुसरीत जायचं म्हणजे दर वेळी एक छोटा सोहळा असे. पडदा काळा होई, काळोखात एकटं दार उभं राही, कडी फिरे, कुरकुरत दार आत जाई आणि मगच पुढची खोली दिसे. १९९६ च्या मार्चमध्ये ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने प्लेस्टेशनसाठी हा गेम काढला तेव्हा या दारामागचं कारण अगदी गद्य होतं. पुढच्या खोलीची माहिती सीडीवरून वाचायला यंत्राला काही सेकंद लागत आणि ते सेकंद कुठेतरी लपवायला हवे होते. जपानात 'बायोहॅझर्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेच्या ताज्या गेममध्ये दार नुसतं ढकललं की उघडतं. खेळाडू न थांबता आत शिरतो, हवं तर फटीतून डोकावून परत फिरतो. ही प्रगतीच आहे. तरीही जुन्या चाहत्यांपैकी बऱ्याच जणांना ते कुरकुरणारं दार परत हवं असतं आणि नव्या खेळाडूंना यातलं काहीच कळत नाही. मालिकेने कात टाकली की चाहत्यांचे तट पडतात, हे गेली पंचवीसएक वर्षं चालू आहे. या भांडणाला आठवणींची हळहळ म्हणून निकालात काढणं सोपं आहे. पण कोणत्या बदलावर तक्रार झाली आणि कोणता बदल विनातक्रार पचला, हे ताडून पाहिलं तर चाहत्यांच्या रागात एक सुसंगती सापडते. ती खुद्द चाहत्यांनाही नेहमी नीट मांडता आलेली नाही.

मूळ घडण काय होती ते आधी पाहायला हवं. शिंजी मिकामी दिग्दर्शक, आणि निर्माता तोकुरो फुजिवारा. फुजिवारा यांनीच १९८९ मध्ये 'स्वीट होम' हा पछाडलेल्या वाड्याचा गेम केला होता. खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ, कधी जमिनीलगत रोवलेला कॅमेरा ही युक्ती फ्रेंच 'अलोन इन द डार्क'ने १९९२ मध्येच वापरली होती. कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही, त्यामुळे बोळाच्या वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. फक्त पाय फरफटल्याचा आवाज येतो. पात्र रणगाड्यासारखं चालतं. वरचं बटण म्हणजे पात्राच्या नाकासमोर, मग पडद्यावर ते कुठल्याही दिशेला तोंड करून उभं असो. बंदूक उचलली की पाय थांबतात. खेळाडूला निवडता येणाऱ्या दोन पात्रांपैकी ख्रिसकडे वस्तू ठेवायला सहा जागा, जिलकडे आठ. किल्ली घेतली तर औषधी पाला टाकावा लागतो. आणि गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटर शोधायचा, त्यात शाईची रिबन घालायची, आणि रिबिनी मोजक्याच. म्हणजे झॉम्बी हे भीतीचं निमित्त होतं. खरी भीती या छोट्याछोट्या अडवणुकींच्या बेरजेतून येई. गोळ्या चार आहेत, बोळात दोघे आहेत, रिबन एकच आहे आणि पलीकडचं दिसत नाही. लेखकाने काय सांगायचं राखून ठेवलं यावर भयकथा उभी राहते, हे रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. इथे राखून ठेवण्याचं काम वाक्यांऐवजी कॅमेरा आणि बटणं करत होती, इतकाच फरक.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही सगळी यंत्राची मजबुरी होती, तिला कला म्हणून मिरवू नका. मजबुरी होती हे खरं. प्लेस्टेशनला तेवढी तपशीलवार खोली हलत्या कॅमेऱ्यातून दाखवणं झेपलं नसतं, म्हणून आधीच रंगवून ठेवलेली स्थिर चित्रं मागे लावली गेली. पण मजबुरी संपल्यावर काय झालं तेही पाहा. २००० मध्ये ड्रीमकास्टवर आलेल्या 'कोड व्हेरोनिका'त खोल्या खऱ्या त्रिमितीत बांधलेल्या होत्या, कॅमेरा हलू शकत होता आणि थोडा हललाही. तरी त्याचा ताबा दिग्दर्शकाने खेळाडूला दिला नाही. २००२ मध्ये मिकामींनी गेमक्यूबवर पहिल्याच गेमचा रिमेक केला, तेव्हाही रोवलेला कॅमेरा ठेवला. शिवाय एक नवी आफत आणली. मारलेला झॉम्बी जाळला नाही किंवा त्याचं डोकं उडवलं नाही, तर काही वेळाने तो लाल होऊन, आधीपेक्षा चपळ होऊन उठतो. जाळायला रॉकेल लागतं आणि ते बाटलीत मावेल तेवढंच. आता प्रत्येक मुडदा हा एक हिशेब झाला. चित्रं नवी, प्रकाश नवा, नियम नवे, म्हणजे आधुनिकीकरणच. तरीही या रिमेकला मालिकेतला सर्वोत्तम मानणारे चाहते आजही भरपूर भेटतात. बदलाला विरोध हा त्यांचा स्वभाव असता तर पहिला बळी याच गेमचा जायला हवा होता.

त्याच सुमारास साचा शिळा झाल्याची कुरकुरही वाढली होती, आणि तीही खोटी नव्हती. सहा-सात वर्षं तीच चाल, तेच टाइपरायटर, त्याच किल्ल्या. मग २००५ च्या जानेवारीत चौथा भाग आला. त्याचे कित्येक आराखडे आधी रद्द झाले होते. त्यातला एक वेगळा होऊन 'डेव्हिल मे क्राय' झाला. कॅमेरा नायक लिऑनच्या खांद्यामागे आला, झॉम्बी गेले आणि त्यांच्या जागी स्पॅनिश बोलणारे, कोयते-कुऱ्हाडी घेतलेले गावकरी आले. हा 'रेसिडेंट ईव्हिल' नाहीच, असं म्हणणारा गट तेव्हापासून आहे. झॉम्बी नाहीत म्हणून नाराज झालेल्यांशी सहमत होणं कठीण आहे, तो पाटीवरचा वाद झाला. पण या गेमने धोक्याचा स्वभाव बदलला, हे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. तरी तो टिकला आणि 'गिअर्स ऑफ वॉर'पासून 'डेड स्पेस'पर्यंत साऱ्या नेमबाजी खेळांवर छाप पाडून गेला. याचं कारण बहुतेक स्तुतिलेखांत कॅमेरा असं दिलं जातं. माझ्या मते ते पायांत आहे. पुढचं सगळं दिसू लागलं, पण नेम धरला की लिऑन जागीच खिळतो, हा १९९६ चा नियम तसाच राहिला. समोरून गर्दी येते आहे, मागे कोण आहे दिसत नाही, गोळी मारायची तर पळता येणार नाही. डोळ्यांवरचा अडसर काढला आणि तो पायांवर घातला. गावातल्या पहिल्या लढाईत करवतीचा आवाज जवळ येत असताना खेळाडूच्या तळहाताला जो घाम सुटतो, तो या एका अदलाबदलीतून.

पुढचा टप्पा बोधप्रद आहे, कारण त्यात कंपनीने चाहत्यांचं ऐकलं. पाचवा भाग २००९ मध्ये आला; त्याआधी काही महिने 'डेड स्पेस'ने चालता चालता गोळ्या झाडायची सोय देऊन टाकली होती, आणि पाचव्या भागातला जागीच थांबण्याचा नियम अनेकांना मागासलेला वाटला. (त्यातल्या आफ्रिकी वस्तीच्या चित्रणावर झालेली टीका हा वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे.) शिवाय त्यात सतत सोबतीण दिली. एकटेपणा गेला आणि त्या जागी सोबतीण औषधं वाया घालवते याची चिडचिड आली. सहाव्या भागात, २०१२ मध्ये, सगळ्या मागण्या पुरवल्या गेल्या: चालत नेम धरा, लोळण घ्या, पाठीवर पडून गोळ्या घाला, गोळ्या संपल्या तर लाथांनी भागवा. चार वेगवेगळ्या मोहिमा, प्रत्येकाच्या आवडीची एक. आणि समीक्षकांसकट चाहत्यांची जेवढी फूट या गेमवर पडली तेवढी क्वचितच पडली असेल. ज्यांनी चालत गोळ्या झाडण्याची मागणी केली होती, त्यांतल्या अनेकांना ती मिळाल्यावर कळलं की आपल्याला पळताना वाटणारी भीती हवी होती, नुसतं पळणं नव्हे. कुणी म्हणेल, विक्री पाहा. खरं आहे, त्या वेळी कॅपकॉमला सहाव्या भागाच्या विक्रीचा अंदाज खाली आणावा लागला, तरी वर्षानुवर्षं खपून पाचवा आणि सहावा दोन्ही कंपनीच्या सर्वाधिक विकल्या गेलेल्या गेम्समध्ये वरच्या जागी आहेत. दोघांनी मिळून खेळायला ते मजेचेच आहेत. पण खपाचा आकडा लोकांनी काय विकत घेतलं ते सांगतो. कुठल्या गोष्टीसाठी ते या मालिकेकडे परत येतात, हे त्यातून कळत नाही. तसं ते कळत असतं तर कंपनीने त्याच वाटेवर सातवा भाग काढला असता.

सातवा भाग २०१७ च्या जानेवारीत आला आणि सरळ फर्स्ट पर्सनमध्ये, म्हणजे नायकाच्याच डोळ्यांतून पाहण्याकडे गेला. ओळखीची पात्रं जवळजवळ नाहीत, लुइझियानातलं एक कुजकट घर, त्यात बेकर कुटुंब. आता आमची मालिका इतरांच्या भुताटकी गेम्सची नक्कल करते, अशी ओरड झाली. वरवर पाहिलं तर मूळ साच्यापासून हा सगळ्यांत लांबचा गेम. आतून मात्र फार जवळचा. मोजक्या गोळ्या, सामानाची पेटी, किल्ल्यांचं घर, सुरक्षित खोलीतलं संगीत, सारं परत आलं आणि डोळ्यांवरची झापडंही आली, कारण स्वतःच्या पाठीमागचं कुणालाच दिसत नाही. मग २०१९ चा दुसऱ्या भागाचा रिमेक. इथे कारागिरी फार बारीक आहे. लिऑन चालता चालता गोळी झाडू शकतो, पण तेव्हा नेमाचं चिन्ह फाकलेलं राहतं. ते आकसून गोळी नेमकी बसावी असं वाटत असेल तर थांबायला लागतं. म्हणजे थांबण्याचा जुना नियम हुकूम म्हणून राहिला नाही, मोह होऊन आला. झॉम्बी दीड हातावर आला असताना आणखी अर्धा क्षण थांबायचं की नाही, हे खेळाडूच्या मनावर सोडलं. दारांचंही तेच. काळा पडदा गेला, पण मूळ गेममध्ये त्या पडद्याआड जी सुटका मिळे तीही गेली. पोलीस ठाण्यात फिरणारा मिस्टर एक्स आता दार उघडून मागोमाग येतो, आणि तो दिसत नसतो तेव्हा त्याचे बूट वरच्या मजल्यावर ऐकू येत असतात. २०२३ च्या चौथ्या भागाच्या रिमेकने असंच केलं: पाय मोकळे केले, गावकरी जास्त आक्रमक केले, आणि करवतसुद्धा अडवू शकणारी सुरी दिली ती झिजणारी. उलट २०२० चा तिसऱ्या भागाचा रिमेक दिसायला तितकाच देखणा, पण त्यातला पाठलाग करणारा राक्षस नेमेसिस बहुतेक ठरलेल्या प्रसंगीच येतो. १९९९ मध्ये तो दारामागून पाठलाग करत यायचा आणि कधी येईल याचा भरवसा नसायचा. मूळ गेममधला घड्याळाचा मनोरा कापला म्हणून चाहते चिडले हे तर झालंच. खरी गोष्ट अशी की कापलेल्या जागी नवं दडपण काही घातलं गेलं नाही.

राहिला हळहळीचा आक्षेप. तो तपासायची एक आयती सोय कॅपकॉमनेच करून ठेवली आहे. २००२ चा रिमेक २०१५ मध्ये नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघाला तेव्हा त्यात चालण्याच्या दोन पद्धती ठेवल्या: जुनी रणगाड्याची, आणि कंट्रोलरची काडी वळवाल तिकडे पात्र जाईल अशी नवी. बाकी गेम तोच. नव्या पद्धतीने खेळलं की झॉम्बीला वळसा घालून निसटणं फारच सोपं होतं, कारण त्या खोल्यांची रुंदी आणि झॉम्बींची चाल ही हळू वळणाऱ्या माणसाच्या मापाने कापलेली आहे. अस्तर न बदलता बाही बदलल्यासारखं ते होतं. जुनी पद्धत कुणाला आवडो न आवडो, ती त्या घराचा भाग होती हे यात आठवणींशिवाय सिद्ध होतं. आणि 'टॉर्मेंटेड सोल्स', 'सिग्नालिस', 'क्रो कंट्री' यांसारखे छोट्या चमूंनी केलेले गेम गेल्या काही वर्षांत जुन्या घडणीचे वेगवेगळे धागे उचलून स्वतःचं काही विणताहेत. त्यांना केवळ पन्नाशीकडे झुकलेल्यांची हौस म्हणता येत नाही. अर्थात अडवणूक सगळ्यांवर सारखी लादायला हवी असंही नाही. ज्याचा हात सावकाश चालतो, ज्याला संध्याकाळी अर्धाच तास मिळतो, त्याने रिबिनी का मोजाव्यात? दुसऱ्या भागाच्या रिमेकमध्ये रिबन फक्त सर्वांत कठीण पातळीवर लागते, आणि त्यावर फारसा गहजब झाला नाही. कारण रिबन ही बाहेरची कडी आहे. पाठीमागचे बूट ही आतली. चाहत्यांचा दुराग्रह जिथे दिसतो तो बहुधा बाहेरच्या कड्यांविषयी असतो, आणि तिथे त्यांना मागे सोडून पुढे गेलं तरी चालतं.

कॅमेऱ्याचा प्रश्न कंपनी आता खेळाडूच्या मर्जीवर सोडू पाहते आहे. २०२१ च्या 'व्हिलेज' या भागाला सुमारे दीड वर्षाने, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, थर्ड पर्सनची, म्हणजे पात्र बाहेरून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची जोड मिळाली, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'रेक्विएम'मध्ये दोन्ही दृष्टी पहिल्यापासूनच देऊ केल्या गेल्या. दोन्ही तटांना खूश करण्याचा हा व्यापारी मार्ग आहे आणि त्यात धोका उघड आहे, कारण एकच बोळ दोन डोळ्यांसाठी सारखाच भीतिदायक बांधता येत नाही. 'व्हिलेज'मधली एक बारीकशी गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याचा नायक ईथन विंटर्स याचा चेहरा मालिकेने सातव्या भागापासून कटाक्षाने झाकून ठेवला आहे. थर्ड पर्सन आलं, कॅमेरा त्याच्याभोवती हवा तसा फिरवायची मुभा खेळाडूला मिळाली, तेव्हा तो चेहरा आता दिसणार असं सगळ्यांना वाटलं. खेळाडू कॅमेरा फिरवून त्याच्या समोर आणू लागला की ईथन मान वळवतो, आणि दिसते ती पुन्हा पाठच.