'केवळ' आणि 'प्रामुख्याने' : अमेरिकेतील प्रचारखर्चाच्या कायद्याची भाषा

अमेरिकेच्या अंतर्गत महसूल संहितेतील कलम ५०१ (सी) (४) हे नागरी संघटनांना व समाजकल्याणाच्या संस्थांना प्राप्तिकरातून मुक्त ठेवते. या सवलतीचे मूळ १९१३ च्या कायद्यात आहे. संस्था 'केवळ' समाजकल्याणाच्या संवर्धनासाठी चालविली जावी, ही तिची अट. १९५९ साली अर्थखात्याने या अटीचा अर्थ लावणारा नियम केला. जी संस्था 'प्रामुख्याने' समाजाच्या हिताच्या कार्यात गुंतलेली असेल ती 'केवळ' त्यासाठीच चालते असे समजावे, असे त्या नियमाने ठरविले. ही दोन क्रियाविशेषणे एकमेकांच्या जागी बसणारी नव्हेत. 'केवळ' हा शब्द इतर सर्व प्रयोजनांना वगळतो. 'प्रामुख्याने' हा शब्द इतर प्रयोजने आहेत हे गृहीत धरूनच उच्चारला जातो. म्हणजे व्याख्येने व्याख्येय शब्दाचा अर्थ विशद केला नाही, तर तो उलटविला. यापूर्वी १९४५ साली सर्वोच्च न्यायालयाने बेटर बिझिनेस ब्युरोच्या खटल्यात, शैक्षणिक संस्थांच्या संदर्भात याच 'केवळ' शब्दाचा विचार करताना, एकच परकीय प्रयोजन जरी भरीव स्वरूपाचे असले तरी सवलत नष्ट होते असे म्हटले होते. तो निवाडा पाहता नियमकर्त्यांनी घेतलेली मोकळीक अधिकच ठळक दिसते.

या मोकळिकीचे महत्त्व दीर्घकाळ फारसे जाणवले नाही. ५०१ (सी) (३) खालील धर्मादाय, शैक्षणिक व धार्मिक संस्थांना कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारात भाग घेण्यास १९५४ पासून, लिंडन जॉन्सन यांनी सिनेटमध्ये मांडलेल्या दुरुस्तीने, मनाई आहे. समाजकल्याणाच्या संस्थांना अशी सरसकट मनाई नाही. राजकारण हे त्यांचे प्रमुख कार्य नसले म्हणजे पुरे. त्यांच्या देणगीदारांना करात वजावट मिळत नाही हे खरे. परंतु त्या देणगीदारांची नावे सामान्यतः लोकांसमोर येत नाहीत. २०१० साली सिटिझन्स युनायटेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निगमांना उमेदवारापासून स्वतंत्रपणे कितीही प्रचारखर्च करण्याची मुभा दिली, आणि मग 'केवळ' व 'प्रामुख्याने' यांच्यामधील फटीतून निवडणुकीचा निनावी पैसा वाहू लागला.

परंतु कोणते कार्य राजकीय आणि कोणते लोकशिक्षणाचे, हे ठरल्याखेरीज 'प्रामुख्याने' या शब्दाला मापच उरत नाही. येथे करविषयक कायद्याचा प्रश्न निवडणूकविषयक कायद्याच्या प्रश्नाला येऊन मिळतो. संघीय निवडणूक प्रचार अधिनियम १९७१ चा. त्यात १९७४ साली दुरुस्ती होऊन, स्पष्टपणे निर्दिष्ट उमेदवाराशी 'संबंधित' अशा स्वतंत्र खर्चावर वर्षाला १,००० डॉलरांची मर्यादा घालण्यात आली. १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलियो या निवाड्यात न्यायालयाला 'संबंधित' हा शब्द अतिशय संदिग्ध वाटला. संदिग्ध कायद्याच्या भीतीने नागरिक बोलावयाचेच थांबतील, ही त्यामागील चिंता. म्हणून न्यायालयाने तरतुदीचा अर्थ संकुचित केला आणि बावन्नाव्या तळटीपेत नमुन्यादाखल आठ प्रयोग नोंदविले : 'अमक्याला मत द्या', 'निवडून द्या', 'पाठिंबा द्या', 'आपले मत अमक्याच्या पारड्यात टाका', 'काँग्रेससाठी स्मिथ', 'विरुद्ध मत द्या', 'पराभूत करा', 'नाकारा'. खर्चावरील ती मर्यादा न्यायालयाने शेवटी रद्दच केली. परंतु खर्च जाहीर करण्याच्या बंधनासाठी हाच संकुचित अर्थ कायम राहिला.

ही तळटीप नीट वाचली तर तिच्यात यादीच्या आधी 'यांसारखे' या अर्थाचा शब्द आहे. न्यायालयाने उदाहरणे दिली होती. पुढील वकिलांनी व काही न्यायाधीशांनी त्या उदाहरणांचा बंदिस्त कोश केला. त्यांना 'जादूचे शब्द' हे नाव पडले, आणि ते समर्पकच आहे; कारण मंत्राप्रमाणे येथेही आशयापेक्षा उच्चाराला महत्त्व आले.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर अमेरिकन कायद्याने अभिधेवर बंधन घातले आणि व्यंजनेला मोकळे सोडले. पण प्रचाराची भाषा स्वभावतःच व्यंजनेची भाषा होय. १९८० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या सुमारे एक आठवडा आधी न्यूयॉर्क टाइम्समध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यावर टीका करणारी जाहिरात आली. तिचे पालुपद होते, 'त्यांना हे करू देऊ नका.' आठांपैकी एकही शब्द तिच्यात नव्हता. तरी १९८७ साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तिला स्पष्ट प्रचार ठरविले. कारण त्या घटकेला वाचकाच्या हाती मत देण्यावाचून 'न करू देण्याचा' दुसरा मार्गच नव्हता. उलट २००४ साली विस्कॉन्सिनमधील एका संस्थेच्या जाहिरातींनी श्रोत्यांना सिनेटर फाइनगोल्ड व कोल यांच्याशी संपर्क साधून न्यायाधीशांच्या नेमणुका अडविण्याच्या डावपेचाला विरोध करण्यास सांगावे, असे आवाहन केले. फाइनगोल्ड त्या वर्षी उमेदवार होते. आवाहन प्रतिनिधीकडे गाऱ्हाणे मांडण्याचे की मतदाराला उमेदवाराविरुद्ध उभे करण्याचे? वाक्य एकच, दोन्ही अर्थ त्यात नांदतात.

मग प्रसंग पाहून अर्थ ठरवावा, हा उपाय सोपा वाटतो. परंतु प्रसंग कोणी पाहावयाचा? २०१३ साली उघडकीस आले की, महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांनी करमाफीचे अर्ज वेगळे काढताना 'टी पार्टी', 'पेट्रियट्स' अशा नावांचा आधार घेतला होता. २०१७ च्या तपासणी अहवालात डाव्या विचारांच्या संस्थांची नावेही अशाच रीतीने वापरली गेल्याचे दिसले. अर्थ शोधण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले त्यांनी पुन्हा शब्दांची यादीच केली, आणि तीही गुप्त. न्यायालयाच्या यादीला निदान छापील पान तरी होते. त्यानंतर राजकीय कार्याची व्याख्या करणारा नवा मसुदा नोव्हेंबर २०१३ मध्ये निघाला. त्यावर दीड लाखांहून अधिक अभिप्राय आले, आणि पुढील वर्षी तो मागे घेण्यात आला. शब्दावर विसंबावे तर कायदा निष्प्रभ होतो, हेतूवर विसंबावे तर अधिकारी निरंकुश होतो, असा हा पेच आहे.

या पेचातून बाहेर पडण्याचा एक विचारपूर्वक प्रयत्न २००२ च्या मॅकेन–फाइनगोल्ड कायद्यात आढळतो. भर्तृहरीने शब्दार्थनिश्चयाची जी साधने सांगितली त्यांत प्रकरणाबरोबर देश आणि काल यांचीही गणना आहे. या कायद्याने नकळत तीच वाट धरली. प्राथमिक निवडणुकीपूर्वी ३० दिवस वा सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी ६० दिवस. उमेदवाराचा स्पष्ट निर्देश. संबंधित मतदारांपर्यंत पोहोचणारे प्रक्षेपण. यांत वक्त्याच्या मनात शिरण्याचे कारण नाही. दिनदर्शिका, नाव व भूगोल एवढे पुरते. २००३ च्या मॅकॉनेल निवाड्याने ही योजना मान्य केली आणि जादूच्या शब्दांची कसोटी व्यवहारात अर्थहीन असल्याचेही म्हटले. परंतु २००७ साली उपरोक्त विस्कॉन्सिनच्या जाहिरातींच्या खटल्यात न्यायालय पुन्हा अर्थाकडे वळले : मतासाठी आवाहन याखेरीज दुसरा कोणताही वाजवी अर्थ निघत नसेल तरच संस्थेच्या जाहिरातीवर बंदी चालेल. व्यंग्यार्थाबरोबर वाच्यार्थ नेहमीच उभा असतो; तेव्हा ही कसोटी लागू होणे दुर्मीळच.

तरीही प्रकटीकरणाचे बंधन उरले होते. २०१० च्या निवाड्यानेही ते आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरले. मूळ अधिनियमात १,००० डॉलर वा अधिक देणाऱ्या सर्व देणगीदारांची नावे द्यावी असे होते. निवडणूक आयोगाने २००७ साली नियम करून निगमांच्या व कामगार संघटनांच्या बाबतीत ते बंधन अशा जाहिरातींना साहाय्य करण्याच्या 'हेतूने' दिलेल्या देणग्यांपुरते मर्यादित केले, आणि २०१६ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो नियम ग्राह्य मानला. ज्या हेतूला कायद्याने दाराबाहेर ठेवले होते, तो नियमाच्या खिडकीतून आत आला. देणगीदाराने हेतू बोलून दाखविला नाही की नाव झाकलेले राहते.

देश-कालाच्या कसोटीतही उणिवा आहेत. एकसष्टाव्या दिवशी केलेले भाषण तिच्या बाहेर राहते. छापील व इंटरनेटवरील मजकूर तिच्या कक्षेत नाहीच. पण या उणिवा उघड आहेत, मोजता येण्याजोग्या आहेत, आणि विधिमंडळाला दुरुस्त करता येण्याजोग्या आहेत. 'प्रामुख्याने' आणि 'हेतूने' या शब्दांतील उणीव तशी नाही. ती प्रत्येक प्रकरणात नव्याने जन्म घेते आणि बहुधा ज्याला चांगला वकील परवडतो त्याच्या पदरात पडते. बोलण्याचे स्वातंत्र्य राखावयाचे असेल तर राज्याने वक्त्याच्या मनाचा ठाव घेऊ नये, ही बकली निवाड्यातील मूळ चिंता रास्तच होती. परंतु मतदारालाही आपल्याशी कोण बोलत आहे हे कळले पाहिजे. कोणत्याही वाक्याचा अर्थ लावताना वक्ता कोण, हा श्रोत्याचा पहिला प्रश्न असतो. आणि अमेरिकन कायद्याने नेमक्या त्याच प्रश्नाचे उत्तर ऐच्छिक करून ठेवले आहे.