यंत्राचा स्वर आणि काळाची मर्यादा

कोणत्याही कलेत नवे साधन आले की त्याच्या दोषांची चर्चा तत्काळ सुरू होते. त्या दोषांचे मूळ कोठे आहे याचा विचार मात्र क्वचितच होतो. विजेच्या गिटारीचा स्वर मूळ स्थानापासून वर चढविणारी अथवा खाली उतरविणारी जी डिजिटल यंत्रे आज वादकांच्या पायाशी असतात, त्यांच्या बाबतीत हेच घडत आहे. ‘पिच-शिफ्टर’ या नावाने ती ओळखली जातात. त्यांच्यावर आक्षेप दोन घेतले जातात : स्वर उशिरा उमटतो, आणि उमटतो तो कृत्रिम वाटतो. यावर यंत्राच्या कैवाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. प्रोसेसर अधिक समर्थ झाला म्हणजे दोन्ही दोष नाहीसे होतील, असे ते सांगतात. आमच्या मते हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि त्यातील खोटा भाग कोणता हे ओळखल्यावाचून या साधनाची रसिकास शोभेल अशी परीक्षा होणे शक्य नाही.

प्रथम यंत्र करते काय ते पाहू. तारेचा नाद सेकंदास 48,000 नमुने या हिशेबाने त्याच्या स्मृतीत लिहिला जातो. सप्तकाने वरचा स्वर हवा असेल तर लिहिलेले दुप्पट वेगाने वाचावयाचे, सप्तकाने खालचा हवा असेल तर निम्म्या वेगाने. परंतु दुप्पट वेगाने वाचणारा लिहिणाऱ्यास लवकरच गाठतो, आणि मग मागे उडी घेऊन वाचलेलेच पुन्हा वाचणे त्याला भाग पडते. निम्म्या वेगाचा वाचक उलट मागे मागे पडत जातो व मधला मजकूर गाळून त्याला पुढे यावे लागते. उडीच्या जागी नादाची लहर बेमालूम जुळली नाही तर कानाला खटका जाणवतो. इव्हेंटाइड कंपनीच्या ‘एच 910’ या 1975 सालच्या यंत्रात हा खटका स्पष्ट ऐकू येई. जोड अधिक शहाणपणाने निवडणारे ‘एच 949’ त्याच कंपनीने 1977 मध्ये आणले. जोड शोधण्याच्या कामात गणनशक्ती वाढली की सुधारणा होते, ही गोष्ट आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

तथापि जोड नीट साधावयाचा तर लहरीचे एक आवर्तन तरी पुरे हाती यावे लागते. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे 82 आंदोलने करते. म्हणजे तिच्या एका आवर्तनास 12 मिलिसेकंद लागतात. जी लहर अद्याप पुरी झालेलीच नाही तिची लांबी कोणता गणिती सांगणार? चिप दसपट वेगवान केली तरी तार आपले आवर्तन लवकर पुरे करीत नाही. स्वर अचूक ओळखावयाचा तर वेळ द्यावा लागतो, आणि वेळ वाचवावयाचा तर अचूकपणा सोडावा लागतो, हा व्यवहार डेनिस गाबोर यांनी 1946 साली गणिताने मांडला. तो कोणत्याही कारखान्यात बदलता येणार नाही.

एका सुट्या स्वराची ही स्थिती, तर स्वरसंघाची काय सांगावी! जाड तार आणि तिचा पंचम एकत्र वाजले की दोघांचे सामाईक आवर्तन 24 मिलिसेकंदांवर जाते. त्यात समस्वरमेळातील गांधार मिळविला म्हणजे तंतोतंत सामाईक आवर्तन असे उरतच नाही. मग यंत्राला नाद निरनिराळ्या पट्ट्यांत फोडून प्रत्येकीचा वेगळा हिशेब करावा लागतो, आणि येथे मात्र चिपची शक्ती खरोखरच अपुरी पडू लागते. लाइन 6 कंपनीचा ‘हेलिक्स’ 2015 मध्ये बाजारात आला. त्याला संपूर्ण स्वरसंघ हलविणारे ‘पॉली’ जातीचे इफेक्ट 2020 साली, तिसऱ्या आवृत्तीच्या फर्मवेअरबरोबर मिळाले. त्यांतील एक योजिला की त्या चिपवर इतर इफेक्टांसाठी जागा फार थोडी राहते. त्याच सुमारास ‘एचएक्स स्टॉम्प’ या त्याच्या धाकट्या भावंडात इफेक्टांच्या जागा सहावरून आठ झाल्या. परंतु चिप तीच राहिल्याने, ‘पॉली’ इफेक्टाचा भार घेतल्यावर वाढीव जागा भरण्याची ऐपत त्याच्यापाशी क्वचितच उरते. ही मर्यादा पैशाची आहे व ती उद्या हटेल. काळाची मर्यादा तशी हटणारी नाही.

यावर कोणी म्हणेल, की ध्वनी 12 मिलिसेकंदांत चार मीटर जातो; रंगमंचावरील वादक आपल्या ध्वनिवर्धकापासून तेवढा दूर उभा असतोच, मग एवढी ओरड कशासाठी? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु ध्वनिवर्धकाचे अंतर स्थिर असते व हाताला त्याची सवय होते. यंत्राच्या वाचकाचे अंतर उडीगणिक कमीजास्त होत राहते, आणि रंगमंचावरील अंतराचा विलंब असतो तो आणखी वेगळाच. श्रोत्याला यातले काही न कळले तरी चालेल. वादकाच्या बोटाला ते कळते, व ताल त्या बोटातून निघत असतो.

मग कलावंताने करावे काय? उत्तर प्रत्यक्ष कृतींतच सापडते. ‘एच 910’च्या साह्याने निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यांनी डेव्हिड बोवी यांच्या 1977 सालच्या ‘लो’ या संग्रहात पडघमाचा आघात पडताक्षणीच खोल घसरवला. तेथे नैसर्गिकपणाचा दावाच नव्हता. डिजिटेकचे ‘व्हॅमी’ हे पेडल 1989 मध्ये आले. 1992 च्या ‘किलिंग इन द नेम’मध्ये टॉम मोरेलो यांनी त्याच्यावर पाय दाबून स्वर दोन सप्तके वर फेकला आहे. ती किंकाळी कोणत्याही तारेची नव्हे, आणि गीतातील संतापाला तीच शोभते. 2003 च्या ‘सेव्हन नेशन आर्मी’त जॅक व्हाइट यांनी त्याच पेडलने गिटार सप्तकाने खाली उतरवून बास वाद्याचे काम करून घेतले. चाल संथ, स्वर एकेक सुटा. यंत्राला जेवढे झेपते तेवढेच त्याच्यावर सोपविलेले. दोन माणसांच्या त्या संचात बासवादक नव्हता, ही अडचणच तेथे शैली होऊन बसली.

याच्या उलट टोकाला आजची महत्त्वाकांक्षा आहे : तारा जशा आहेत तशाच ठेवून सारे वाद्यच दोन-तीन अर्धस्वर खाली उतरवावयाचे, आणि ते कोणाच्याही लक्षात येऊ द्यावयाचे नाही. सोयीच्या दृष्टीने ही गोष्ट वाईट नाही. एका मैफलीत चार गिटारी वाहून नेण्याचा त्रास वाचतो. परंतु आमच्या सतारीवरील मींड ज्यांनी ऐकली आहे त्यांना येथील उणीव सहज ध्यानात येईल. मींड घेताना बोट तार ओढते, तारेचा ताण वाढतो, स्वर चढतो आणि नादाचा पोतही त्याबरोबर पालटतो. हात आणि कान एकाच गोष्टीची साक्ष देतात. येथे बोटाखालची तार एक स्वर सांगते आणि कानी दुसराच येतो. शांत खोलीत तर दोन्ही एकदम ऐकू येऊन त्यांचा विसंवाद प्रकट होतो. वर्षानुवर्षे अशा रीतीने अभ्यास करणाऱ्याच्या हाताला स्वराचे वजन कसे कळणार, ही आमची खरी चिंता आहे.

म्हणून या यंत्रांचे मूल्यमापन करताना ती मूळ वाद्याची किती हुबेहूब नक्कल करतात, एवढाच प्रश्न विचारणे आम्हांस अपुरे वाटते. वादकाने त्यांचा विलंब आणि त्यांचा खटका जाणून आपली चाल बेतली आहे, की ते दोष कोणी ऐकू नयेत एवढीच आशा धरली आहे, हे टीकाकाराने पाहावे. नव्या चिपेची वाट पाहत बसलेल्या तरुण वादकांनी वर सांगितलेल्या दोन-तीन कृती तोवर लक्षपूर्वक ऐकाव्यात, अशी आमची त्यांना शिफारस आहे.